कड कुठे आहे आणि कुठे नाही

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुमच्याकडून खूप काही शिकले. पण आज सर्वांसमक्ष आभार मानायचे आहेत ते एका प्रश्नासाठी. जलरंगातलं व्यक्तिचित्र समोर आलं की सगळे विचारतात, चेहरा हुबेहूब जमलाय का? तुम्ही विचारायचात, "कड कुठे आहे आणि कुठे नाही?"

या प्रश्नाने चित्र आतून दिसायला लागतं. नाकाची सावली गालावर पडते तिथे कड धारदार असते, कारण खालचा थर वाळल्यावर रंग लावलेला असतो. गाल मात्र सावकाश वळतो. तिथे कागद ओला असतानाच रंग सोडलेला असतो आणि सावली कुठे संपली ते सांगता येत नाही. एकही रेष न ओढता, नुसता ओलावा सांभाळून आणलेली ही गोलाई! कागद किती वाळलाय हे ओळखणं म्हणजेच निम्मं रेखाटन, असं आता मला मनापासून वाटतं. केस आणि पार्श्वभूमी जिथे एकमेकांत मिसळतात तिथे तर कड गायबच होते आणि आपला डोळा ती पुरी करतो.

खालच्या पापणीच्या काठावरचा तो चिमुकला, ओलसर चमकेचा ठिपका तुम्ही भिंगातून दाखवला होतात. ठिपक्याच्या कडा स्वच्छ असतील आणि आत कागदाचा पांढरा दिसत असेल, तर ती जागा पहिल्यापासून राखलेली. कडा धूसर असून आत रंगाची किंचित झाक उरली असेल, तर ओल्या ब्रशने रंग मागाहून उचललेला. आणि पांढरा रंग वर बसल्यासारखा, खडूसारखा दिसला, तर तो शेवटी ठेवलेला. एवढ्याशा ठिपक्यात चित्रकाराच्या कामाचा क्रम वाचता येतो. जबड्याखालच्या सावलीत अल्ट्रामरीन या निळ्या रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसून जो दाणेदार पोत येतो, तोही तुमच्यामुळेच दिसू लागला.

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप', हाती दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र, तुम्ही किती वेळ बघायला लावलंत! म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हे १९४५-४६ च्या सुमाराचं जलरंगचित्र कित्येकांना राजा रविवर्म्याचं वाटत आलं आहे. रविवर्मा तर १९०६ सालीच गेले. तैलरंगात उजेड शेवटी वर चढवता येतो. पारदर्शक जलरंगात तो आधीच राखावा लागतो आणि अंधार थराथराने वाढवत न्यावा लागतो. हे समजल्यावर ज्योतीपुढे आडोसा धरलेल्या त्या हाताकडे पाहिलं, बोटांतून झिरपणारा लालसर उजेड पाहिला आणि छाती दडपली. चुकायला जागा किती कमी!

चित्राबद्दल काय वाटायला हवं, हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. फक्त कुठे बघायचं ते दाखवलंत. याबद्दलची कृतज्ञता शब्दांत पुरती मावत नाही.

मानेकडे कोणी नीट बघत नाही, असंही तुम्ही म्हणायचात. चेहऱ्यावर जीव ओतणारा चित्रकार मान एकाच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एकाच सपाट थरात, सोडून देतो की तिथलाही नळकांड्यासारखा घाट आणि हनुवटीची सावली सांभाळतो, यावरून त्याची पकड कळते. हल्ली कुठलंही व्यक्तिचित्र समोर आलं की मी आधी मान बघते.

तुमची विद्यार्थिनी