पायाची ओळ

सुध्या,

दिवाळीला तू एवढा मोठा मजकूर पाठवलास आणि मी उत्तरादाखल हात जोडलेलं एक चित्र चिकटवलं. तेव्हापासून खात होतं मनात. पण आज त्या अपराधापोटी लिहायला बसलोय असंही नाही. मंगळवारी ऑफिसात एक गोष्ट झाली. हिला सांगितली, तर म्हणाली, "मग त्यात काय एवढं?" तिला आपल्या कॉलेजचं पॅव्हेलियन माहीत नाही. तुला माहीत आहे.

तब्येत ठीक. शुगरची एक गोळी वाढली, भात कमी झाला. झालं.

मी इथल्या एका युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल स्टेडियमच्या कामावर आहे हे तुला मागे बोललो होतो. कोणती ते लिहीत नाही, कागदांवर सह्या करून बसलोय. एस्टिमेटिंग माझ्याकडे, म्हणजे खर्चाचा पहिला आकडा माझा. आता बजेट फुटलंय, उद्घाटन एक सीझन पुढे गेलंय, आणि सगळे जण एकमेकांना फार सभ्य ईमेल पाठवायला लागलेत. साइटवर शिव्या बंद होऊन ईमेल सभ्य झाल्या की समजावं, वकील वाचतायत.

तू म्हणशील, पोरांच्या खेळाला कशाला हवं एवढं मोठं मैदान? मीही आलो तेव्हा हेच म्हणायचो. वर्षातून घरचे सामने सहा, फार तर सात. बाकी वर्षभर गवताला पाणी. मग एका शनिवारी मला ओढून नेलं. सकाळी सातला पार्किंगमध्ये शेगड्या पेटलेल्या, कुणीही कुणालाही हाक मारून खायला घालतंय, आणि एक म्हातारा नातवाला दाखवतोय की माझा बाप इथे बसायचा. जत्रा रे! आणि जत्रा वर्षातून एकदाच भरते म्हणून देवळाच्या सभामंडपाला कुणी उधळपट्टी म्हणत नाही. तेव्हा खेळावर माझा राग नाही.

राग आकड्यावर आहे. ड्रॉइंग नाही, जमिनीची धड तपासणी नाही, आणि देणगीदारांच्या जेवणात कुणीतरी एक छान गोल आकडा बोलून जातो. तो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. मग माझं काम काय, तर त्या आकड्यात स्टेडियम बसवून दाखवायचं. चप्पल आधी घेतलेली असते, पाय मागाहून मोजायचा.

आणि हे सगळीकडे चाललंय. शेजाऱ्याच्या घरची भांडणं ऐकून बरं वाटतं तसा मी हल्ली दुसऱ्यांची स्टेडियमं वाचत बसतो. फ्लोरिडात टॅम्पाला साउथ फ्लोरिडा युनिव्हर्सिटीने जून 2023 मध्ये 34 कोटी डॉलरला मंजुरी दिली, 35,000 खुर्च्या, 2026 ला खेळायचं होतं. ते 2027 वर गेलं. टेनेसीत नेलंड स्टेडियमच्या नूतनीकरणाचा पहिला टप्पा 2017 मध्ये 18 कोटींचा होता. मध्येच थांबला, आणि पुन्हा वर आला तेव्हा 28 कोटी 80 लाखांचा होऊन. मधल्या काळात कुणी एक वीटही जास्त मागितली नसती तरी तो वाढलाच असता. बाजारभावाचं तसंच असतं, तो झोपत नाही.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं तुला आवडेल. तिथलं स्टेडियम 1923 सालचं, आणि बांधलंय चक्क हेवर्ड फॉल्टवर. म्हणजे भूकंपाची, जमिनीतली भेग मैदानाखालून जाते. मजबुतीकरणाला 32 कोटी 10 लाख डॉलर लागले, 2011 चा सीझन सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल मैदानावर काढावा लागला. ज्या खुर्च्या वर्षानुवर्षांसाठी विकून पैसे उभे करायचे होते त्या हव्या तितक्या खपल्या नाहीत आणि कर्ज युनिव्हर्सिटीच्या गळ्यात राहिलं. पण इंजिनिअरांनी एक काम झकास केलंय. भेगेवरचे स्टँडचे तुकडे बाकीच्यापासून सोडवून ठेवलेत, जमीन सरकली तर ते आपापले सरकतील. मला हेवा वाटतो त्यांचा. त्यांची भेग निदान नकाशावर होती.

आमची नव्हती. म्हणजे होती, पण... थांब, तिकडे येतो.

आधी एक विनोद. माँट्रियलचा महापौर ऑलिम्पिकच्या आधी म्हणाला होता की पुरुषाला मूल होणं जितकं अशक्य तितकीच ऑलिम्पिकला तूट येणं अशक्य. ऑलिम्पिक 1976 ला झालं. स्टेडियमचं कर्ज फिटलं 2006 ला. तीस वर्षांचं बाळंतपण! हे मी ऑफिसात सांगितलं तर कुणी हसलं नाही. तू हसला असशील, आणि लगेच म्हणाला असशील की सांगणाऱ्याने स्वतःचं बघावं.

तर स्वतःचं. इथे खाली चुनखडी आहे. चुनखडीत पाण्याने पोकळ्या होतात, वरून काही कळत नाही. पाइल, म्हणजे पायाचा खोल खांब, खाली घालावा तर खडक लागला लागला म्हणेपर्यंत पुन्हा पोकळी, आणि काँक्रीट ओतावं तर ते कुठे जातंय ते देवाला ठाऊक. माझ्या हाताखाली एक पोरगी आहे, तिशीचीसुद्धा नाही. जमीन तपासायला सुरुवातीला पाडलेली बोअरिंग थोडीच होती, तेवढी बघूनच तिने पायासाठी तगडी कंटिंजन्सी, म्हणजे अडचणींसाठी जादा तरतूद, धरली होती. शेजारच्या जुन्या इमारतींचे कागद काढून आणले होते तिने. सगळ्याची बेरीज त्या गोल आकड्याच्या वर गेली. मी तिच्या टेबलापाशी उभा राहून म्हणालो, "ही ओळ कमी कर. आधी होकार मिळू दे, खालचं खाली बघू."

सुध्या, हे वाक्य मी इंग्रजीत बोललो, पण माझ्या कानाला ते मराठीतच ऐकू आलं. आपल्या खोलीतलं, स्टोव्हच्या वासासकट.

मंगळवारच्या मीटिंगला युनिव्हर्सिटीच्या बाजूच्या बाईंनी शीट पडद्यावर लावली आणि शांतपणे विचारलं, "पायाची ही ओळ कुणाची?" शीटवर नाव त्या पोरीचं, कारण शेवटचा बदल तिच्या हातचा. आमच्या साहेबांनी ताबडतोब टॅरिफ काढलं, म्हणजे आयात मालावरचा कर. पोलादावर 2025 च्या मार्चमध्ये 25 टक्के, जूनमध्ये 50. खोटं काहीच नाही त्यात, स्टीलचा दणका बसलाच आहे. पण टॅरिफने जमिनीत भोकं पडत नाहीत. आणि मी काय केलं? मी कॉफीच्या कपात बघत बसलो. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहायला लागली.

तूही तसंच एकदा बघितलं होतंस. प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये.

मला सगळं आठवतं रे. तू जिमखाना सेक्रेटरी. सर म्हणाले होते, पॅव्हेलियन साठ हजारांच्या आत बसवा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. खरा हिशेब चौऱ्याऐंशी हजारांवर गेलेला. तू म्हणत होतास, काळी माती आहे, मुरूम लागेपर्यंत खणावं लागेल, सहा फूट धर. मी ब्लेडने खरवडून सहाचे तीन केले. खणल्यावर तीन फुटांवर काळीशार माती, हातात घेतली तर लोण्यासारखी. सहापर्यंत गेलो, तिथेच पैसे संपले. सात पायऱ्या आणि चार उघडे पाइप. पत्रे शेवटपर्यंत आले नाहीत. पोरं त्याला "बिनटोपीचा साहेब" म्हणायची. आणि सरांनी बोलावलं ते तुला, कारण सही तुझी. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहून दोरीवरचे टॉवेल मोजत होतो.

तू कधी काही बोलला नाहीस. त्याऐवजी आपण वर्षभर मेसच्या बिलावरून भांडलो. (ते बिल मीच भरलं होतं, यावर मी आजही ठाम आहे. पावती तुझ्याकडे आहे आणि तू ती दाखवत नाहीस, यातच सगळं आलं.)

बेंट फ्लिव्हबर्ग म्हणून एक डॅनिश प्राध्यापक आहे. त्याने रस्ते, रेल्वे, पुलांचे 258 प्रकल्प तपासले, दहातल्या नवांचा खर्च अंदाजाबाहेर गेलेला. तो म्हणतो, इतके सगळे एकाच बाजूला चुकतात त्याला नुसती चूक म्हणता येणार नाही. मंजुरी मिळावी म्हणून आकडा मुद्दाम कमी दाखवतात. मी हे वाचत असताना हिने विचारलं, काय वाचतोयस? म्हटलं, काही नाही, कामाचं.

सोमवारी लेखी अहवाल जायचाय. माझा भाग दोन पानांचा. साहेबांना त्यात टॅरिफ हवंय, आणि "जमिनीतील अनपेक्षित परिस्थिती". मी काल रात्री एक ओळ लिहिली, "पायाची तरतूद माझ्या सांगण्यावरून कमी करण्यात आली, मूळ शीट सोबत जोडली आहे." मग "करण्यात आली" खोडून "मी केली" लिहिलं. मग साडेबाराला सगळंच पुसलं. सकाळी पुन्हा लिहिलंय. साहेबांना अजून दाखवलेलं नाही. नोकरी जाईल असं वाटत नाही, पण या वयात कोपऱ्यातली खुर्ची मिळेल. घराचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत. त्या पोरीपुढे मात्र अख्खी नोकरी पडली आहे.

तुझं काय चाललंय? व्हीआरएस घेतलीस ते बरं केलंस. मृणालच्या लग्नाला येता आलं नाही, त्यावर तू रागावला नाहीस म्हणालास म्हणजे रागावला आहेस. काकूंच्या मोतीबिंदूचं पुढे काय झालं? वहिनींना सांग, भडंग मिळालं, अर्धं कस्टममध्ये नाही तर माझ्याच हातून संपलं.

आणि एक काम कर. तू कागद टाकत नाहीस हे मला माहीत आहे. पॅव्हेलियनच्या अंदाजपत्रकाचं ते पिवळं पान तुझ्या ट्रंकेत असेल. पायाच्या ओळीत जिथे कागद खरवडून पातळ झालाय, तेवढ्याचा फोटो काढून पाठव. पान खिडकीशी धरून काढ, म्हणजे खालचा सहा दिसेल. सोमवारच्या आत पाठव.

तुझा,
दिल्या