तिकिटावर अकरा, बस आली बाराला: ब्लूमिंग्टनच्या सामन्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: २३ फेब्रुवारी २०२५, पर्ड्यू विरुद्ध इंडियाना विद्यापीठ (कॉलेज बास्केटबॉल), ब्लूमिंग्टन. 'बस अधिक सामना' पॅकेजचे तीन माणसांचे पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत.

तुमच्या पुण्याच्या कॉल सेंटरमधून आत्ताच मला सांगण्यात आलं की माझी तक्रार 'क्लोज' केली आहे. मी क्लोज केलेली नाही. म्हणून आता लेखी देते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण तुमची जाहिरात मराठीत होती आणि ती वाचूनच आम्ही तुमच्याकडे बुकिंग केलं.

तुमची बस शिकागोहून सकाळी नऊला सुटते, आय-६५ महामार्गाने दोन तासांत पर्ड्यूच्या गावी, वेस्ट लाफायेटला येते, तिथले प्रवासी घेते आणि इंडियानापोलिस ओलांडून ब्लूमिंग्टनला जाते. हा मार्ग तुमचा आहे, वेळापत्रकही तुमचंच. शिकागोचं घड्याळ वेस्ट लाफायेटच्या घड्याळापेक्षा एक तास मागे असतं, हे इथे बस चालवणाऱ्या कंपनीला ग्राहकाने सांगावं लागावं? इंडियानाच्या ९२ काउंटींपैकी ८० पूर्वेच्या वेळेवर चालतात आणि १२ मध्य वेळेवर. तुमची बस त्या बारापैकी लेक आणि जास्परमधून जाते आणि पुढे पूर्वेच्या वेळेत शिरते. २००६पासून सगळं राज्य उन्हाळी वेळही पाळतं, म्हणजे काही भाग पाळतो, काही नाही, हा जुना गोंधळही आता उरलेला नाही. वेस्ट लाफायेट पूर्वेच्या वेळेवर, ब्लूमिंग्टनही पूर्वेच्या वेळेवर. तरी आमच्या तिकिटावर छापलं होतं: 'वेस्ट लाफायेट, सकाळी ११:००'. शिकागोची वेळ, असा एक शब्दही कुठे नाही. पुढे नाही, मागे नाही, ई-मेलमध्ये नाही.

आम्ही पावणेअकराला थांब्यावर होतो. मी, माझा नवरा आणि नागपूरहून आलेले माझे बाबा. आमच्याबरोबर पर्ड्यूची पोरं होती, काळे-सोनेरी जर्सी घातलेली, दोघांनी तोंडंही रंगवली होती. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. अकरा वीसला सगळ्यांच्या फोनवर एकदम तुमचा मेसेज आला: 'तुमची बस वेळेवर धावत आहे.' मी हेल्पलाइनला फोन लावला तर गाणं वाजत राहिलं. बस आली तेव्हा फुटपाथवरच्या प्रत्येकाच्या मनगटावर बारा वाजले होते. ड्रायव्हरने मला त्याचा कागद दाखवला, त्यावरही अकराच लिहिलेलं होतं. तो सभ्य माणूस होता, त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ज्याने तो कागद काढला त्याच्याबद्दल आहे.

सामना दीडच्या सुमाराचा होता. आम्ही इंडियानाच्या असेंब्ली हॉलच्या दारात पोचलो तेव्हा पूर्वार्ध संपत आला होता, आणि आमच्या जागांपर्यंत चढून जाईपर्यंत मध्यंतर झालं. फलकावर पर्ड्यू ३७, इंडियाना २५.

हे आकडे नीट वाचा, कारण माझी निम्मी तक्रार त्यांतच आहे. ब्लूमिंग्टनमध्ये जाऊन, १७ हजारांहून जास्त लाल कपड्यांतल्या लोकांच्या आरड्याओरड्यात, आपला संघ १२ गुणांनी पुढे. बाहेरगावच्या सामन्याला माणूस जातो तो हे बघायला. आपल्या घरी, मॅकी अरीनात जिंकताना तर आम्ही नेहमीच बघतो. विरोधकांच्या घरात जाऊन त्यांना गप्प बसवलेलं बघायचं असतं. पूर्वार्धाची ती वीस मिनिटं तुमच्या बसने खाल्ली. उत्तरार्धात इंडियानाने ४८ केले, आम्ही २१. सामना ७३-५८ असा गेला. आम्हाला दिसला तो फक्त हा भाग: प्रत्येक बास्केटला उसळणारं ते लाल स्टेडियम, टाइमआउटला मोठाले झेंडे घेऊन मैदानभर पळणारी त्यांची पोरं, आणि आमच्या शेजारी बसलेल्या आजोबांनी मला 'कुठून आलात' असं विचारल्यावर माझ्या तोंडून न फुटलेला शब्द.

हरण्याबद्दल माझी तक्रार नाही. पर्ड्यूचा चाहता हरण्याला घाबरत नाही. २०२३मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत सोळाव्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या मानांकनाच्या संघाकडून पहिल्याच फेरीत आम्ही हरलो आणि पुढच्याच वर्षी अंतिम फेरीत गेलो. त्या अंतिम सामन्याच्या वेळी भारतात ९ एप्रिलची सकाळ होती, गुढीपाडवा. पावणेसात वाजता बाबा नागपूरच्या घरी मोबाइल समोर ठेवून बसले होते आणि आई गुढीसाठी हाका मारत होती. आम्ही कनेक्टिकटकडून ७५-६० असे हरलो, पण आमच्या झॅक ईडीने एकट्याने ३७ गुण केले आणि बाबांनी मला फोनवर त्याची एकेक चाल सांगितली. बाबा तरुणपणी शिवाजीनगरच्या मैदानावर खेळलेले आहेत. या फेब्रुवारीत ते पहिल्यांदा अमेरिकेला आले आणि आल्या आल्या म्हणाले, 'मला तो खुर्चीवाला हॉल दाखव.'

हा हॉल म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असणार, तुम्ही त्याचीच तिकिटं विकता. इंडियानाचा प्रशिक्षक बॉबी नाइटने पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात याच मैदानावर खुर्ची भिरकावली होती, २३ फेब्रुवारी १९८५ला. आम्ही गेलो ती तारीख २३ फेब्रुवारीच, बरोबर ४० वर्षांनी. तुमच्या जाहिरातीतही 'ऐतिहासिक दिवस' असं ठळक अक्षरांत होतं. चाळीस वर्षांपूर्वीची तारीख तुमच्या लोकांनी शोधून काढली आणि त्या दिवशीची वेळ मात्र बरोबर छापली नाही.

जागांबद्दलही लिहिते. 'पर्ड्यूच्या पाठीराख्यांसोबत एकत्र बसा' असं पॅकेजमध्ये होतं. मिळाल्या तीन सुट्या जागा, वरच्या बाल्कनीत, तीन वेगवेगळ्या रांगांत, आजूबाजूला सगळे इंडियानाचे. असेंब्ली हॉलच्या बाल्कनीच्या पायऱ्या किती उभ्या आहेत ते एकदा जाऊन बघा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. ते कठडा धरून एकेक पायरी चढले आणि वर एकटे बसले, कारण त्यांच्या शेजारची जागा आमची नव्हती. एका इंडियानाच्या मुलीने आपण होऊन माझ्या नवऱ्याबरोबर जागा बदलली. तुमच्या कंपनीने न केलेलं काम त्या मुलीने केलं.

परतीच्या बसचं तिकीट '४:३०'चं. तेही शिकागोचे साडेचार, म्हणजे तिथले साडेपाच. सामना संपून गर्दी पांगली, बसचं दार बंद, ड्रायव्हर जेवायला गेलेला. फेब्रुवारीच्या वाऱ्यात आम्ही पार्किंगमध्ये तासाहून जास्त उभे, काळे-सोनेरी कपडे घालून, हरलेले. जाणारी प्रत्येक गाडी हॉर्न वाजवून जात होती. बाबांना मी शेवटी एका पिझ्झाच्या दुकानात नेऊन बसवलं.

आता तुमच्या कॉल सेंटरबद्दल. हे सविस्तर लिहिते, कारण बस उशिरा येण्याचं मी एखादवेळी सोडूनही दिलं असतं. हे सोडणार नाही.

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. फोनवरचा तुमचा माणूस म्हणाला, 'मॅडम, सिस्टीममध्ये बस अकरालाच पोचलेली दिसतेय. जीपीएसची नोंद आहे.'

मी विचारलं, 'कुठले अकरा?'

'अकरा म्हणजे अकरा, मॅडम.'

मी म्हटलं, 'वेस्ट लाफायेटमध्ये तेव्हा बारा वाजले होते. तुम्ही पुण्यात बसून अमेरिकेच्या वेळेनुसार ड्यूटी करता, तुम्हाला दोन गावांच्या वेळेतला फरक कळत नाही?'

त्यावर तो म्हणाला, 'कंपनीची वेळ शिकागोची असते. प्रवाशाने खात्री करून घ्यायची असते.' मी विचारलं, ही अट कुठे छापली आहे? त्याने मला होल्डवर ठेवलं. परत आला तेव्हा अटीबद्दल काहीच बोलला नाही. म्हणाला, 'मॅडम, तुम्ही सेकंड हाफ तर पाहिलात ना? म्हणजे सेवेचा लाभ घेतलेला आहे. पूर्ण रिफंड होत नाही.'

मी सांगितलं की पहिल्या हाफमध्ये आमचा संघ १२ गुणांनी पुढे होता आणि माझे वडील तेवढ्यासाठी नागपूरहून आले होते.

आणि तेव्हा तो जे म्हणाला ते शब्दशः लिहिते: 'पण मॅडम, शेवटी तुमची टीम हरलीच ना? मग पहिला हाफ बघितला काय, नाही बघितला काय, काय फरक पडला?'

फोन स्पीकरवर होता. बाबा समोरच बसले होते. ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले.

मी त्याला म्हटलं की हे वाक्य तुम्ही परत म्हणा, मला लिहून घ्यायचं आहे. त्याने परत म्हटलं. मग सुपरवायझर द्या म्हटलं, तर सुपरवायझर 'मीटिंगमध्ये'. हा कॉल रेकॉर्ड होतो असं तुमच्या कंपनीचा आवाजच सुरुवातीला सांगतो. ती रेकॉर्डिंग काढा आणि ज्याला पगार देता त्याला स्वतः ऐकवा. ज्या खेळाची तिकिटं तुम्ही विकता त्या खेळातल्या माणसाला हा प्रश्न विचारायची हिंमत होते, याचा अर्थ तुमच्याकडे हा खेळ कोणी बघतच नाही. बघत असता तर कळलं असतं की चाहता निकाल विकत घेत नाही, चाळीस मिनिटं विकत घेतो. आम्हाला वीसच मिळाली, आणि पैसे चाळीसचे घेतलेत.

त्याने मला देऊ केलं ते कूपन: पुढच्या सीझनला, फक्त शिकागोहून सुटणाऱ्या बससाठी. मी शिकागोत राहत नाही. शिकागोत राहत असते तर मला वेळेवर बस मिळालीच असती. हे कूपन मी घेणार नाही, परत पाठवू नका.

आणि काल तुमचा नवा मेसेज आला: 'बिग टेन स्पर्धा, इंडियानापोलिस, १२ ते १६ मार्च, आपली बस, आपली माणसं.' ही आमच्या दोन्ही विद्यापीठांच्या गटाची बास्केटबॉल स्पर्धा. मी उघडून पाहिलं. वेस्ट लाफायेटचा थांबा, वेळ सकाळी ८:३०. पुढे-मागे काही नाही. म्हणजे आमच्यानंतर अजून एक बसभर माणसं तुम्ही फुटपाथवर उभी करणार आहात. मी फोनवर इतकं सांगूनही.

मला हवं आहे ते असं. तिन्ही पॅकेजचे पूर्ण पैसे, ज्या कार्डने भरले त्याच कार्डवर. बाबांच्या नावाने लेखी माफी, मराठीत, सहीसकट, ई-मेलची ठोकळेबाज माफी नको. आणि वेस्ट लाफायेटच्या प्रत्येक तिकिटावर स्थानिक वेळ, बिग टेनची बस सुटायच्या आधी. १० मार्चपर्यंत यातलं काही झालं नाही तर मी बँकेकडे रक्कम वादात टाकीन, इलिनॉयच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार करीन, आणि तिकिटांचे फोटो, अकरा वीसचा तो मेसेज आणि कॉलमधलं ते वाक्य इथल्या सगळ्या मराठी मंडळांच्या ग्रुपवर टाकीन. तुमची जाहिरात तिथूनच माझ्यापर्यंत आली होती.

मला हे करायची इच्छा नाही, हेही लिहून ठेवते. आमच्यासारखी खूप कुटुंबं आहेत ज्यांचे आईवडील थोड्या महिन्यांसाठी इथे येतात, गाडी चालवत नाहीत, आणि ज्यांना मराठी बोलणाऱ्या माणसाच्या भरवशावर बाहेर पडायला बरं वाटतं. अशी सेवा कोणीतरी चालवावी असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून मी दोन मैत्रिणींनाही तुमचं नाव सांगितलं होतं. त्या दोघींना आज फोन करून नको म्हणून सांगितलं.

तिकिटांच्या प्रती, मेसेजचा स्क्रीनशॉट आणि कॉलची तारीख-वेळ सोबत जोडली आहे. वेळ पूर्वेची आहे, तसं लिहिलेलंही आहे.

वेस्ट लाफायेट, इंडियाना