सूचना : शब्दाच्या सुरुवातीची जोडाक्षरे

नमस्कार. दुसरीच्या सर्व पालकांसाठी.

सोमवारपासून वर्गात शब्दाच्या सुरुवातीला येणारी जोडाक्षरे घेत आहोत. पहिला आठवडा फक्त ऐकण्या-बोलण्याचा आहे. घरी लिहून घेण्याची घाई कृपया करू नका.

मूल 'इस्टूल', 'गिलास' म्हणत असेल तर तेच दहादा म्हणायला लावू नका. तुम्हीच समोर बसून सावकाश 'स्स्स्टूल' म्हणा. मुलं ओठांकडे बघून पटकन उचलतात. 'स' लांबवता येतो, म्हणून स्ट, स्क, स्व, स्न आधी घेऊ. प्र, क्र, ट्र अवघड, कारण प, क, ट लांबवता येत नाहीत. तिथे टाळ्यांचा उपयोग होतो: 'ग्लास'ला एक टाळी, 'गिलास'ला दोन. 'ट्रक'ला एक, 'टरक'ला दोन. हा फरक कानाला कळला की अर्धं काम झालं.

लिपी त्यानंतर. प्र, क्र मध्ये 'र'ची तिरकी रेघ, ट्र, ड्र मध्ये खालची खूण, आणि त्र, श्र तर रूपच बदलतात. हे वर्गात सावकाश होईल.

आजी 'परसाद' म्हणत असतील तर ते चूक आहे असं मुलाला मुळीच सांगू नका. ती घरची बोली आहे, तीही त्याला यायला हवी.

सोमवारी प्रत्येकाने घरातली एक वस्तू दप्तरात द्यावी, जिच्या नावाची सुरुवात जोडाक्षराने होते: ब्रश, प्लेट, स्कार्फ, काहीही. काचेची वस्तू नको.

– वर्गशिक्षिका