काका, पाकिटावरची रिकामी ओळ भरली

आदरणीय काका,

निघताना तुम्ही बजावलं होतं, "माझं नाव कुठे लिहू नका, आभारबिभार तर मुळीच नकोत." नाव लिहीत नाही. आभाराचं मात्र ऐकवत नाही. तुमचा पत्ता घ्यायचं सुचलं नाही, फोन नंबरही मागितला नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांच्या देखत लिहितो आहे. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवील.

संभाजीनगरला मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन होतं त्या दिवशी दुपारी खाकी शर्टातला एक माणूस तुमच्या टेबलावरून तीनदा पुढे गेला आणि चौथ्यांदा थांबला, तो मी. ड्यूटी संपवून तसाच आलो होतो. पिशवी छातीशी धरून उभा होतो. तुम्ही डबा बाजूला सारला, तोंडातला घास संपवला, हात धुवून पुसून आलात आणि म्हणालात, "बसा दादा. काय आणलंय?"

मी तीन फेऱ्या का मारल्या, ते त्या दिवशी सांगितलं नाही. आज सांगतो.

मी एसटीत वाहक आहे. नाण्यांचा नाद मला तिकिटाच्या पिशवीने लावला. दिवसभर चिल्लर हातातून जाते. संध्याकाळी भरणा करण्याआधी वेगळं काही दिसलं, की आपल्या खिशातले पैसे पिशवीत टाकायचे आणि ते नाणं बाजूला काढायचं. सालाखाली तारा असेल तर हैदराबादची टांकसाळ, हिरा असेल तर मुंबई, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता, हे मला एका म्हाताऱ्या प्रवाशाने गाडीत शिकवलं. बारा वर्षांत दोन अल्बम भरले. कुणाला दाखवण्यासारखं त्यात फार काही नाही, पण रात्री घरी आल्यावर ते उघडून बसलं की दिवसाचा शीण जातो.

आजी मागच्या वर्षी गेली. उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात तिची चंची होती. तिच्यात अकरा हाली रुपये निघाले, म्हणजे निजामाच्या राज्यातले, चारमिनारचे. लग्नात तिच्या वडलांनी चोळीबांगडीला म्हणून दिलेले. रझाकारांच्या धामधुमीत ते चुलीखाली पुरले होते, पोलीस ॲक्शन झाल्यावर वर काढले. बहात्तरच्या दुष्काळात आजीने खडी फोडली, सुकडीवर लेकरं जगवली, पण हे रुपये मोडले नाहीत. आम्ही लहानपणी विचारलं की म्हणायची, "ते माह्या बापाचे हायेत." एवढंच. पुढे कधी बोलली नाही.

मला त्यातलं एकही विकायचं नव्हतं. नुसतं कळून घ्यायचं होतं, की हे आहे काय, कोणत्या सालाचं आहे, त्यावर लिहिलंय काय.

तालुक्याच्या एका सराफाकडे गेलो. वाटलं, चांदीतला माणूस आहे, सांगेल. त्याने माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. वरचा रुपया उचलला, ड्रॉवरमधून कानस काढली आणि मी "अहो" म्हणेपर्यंत कडेला दोन घाव घातले. मग म्हणाला, "चांदी हलकी आहे. मोडीचा भाव देतो." तो रुपया परत चंचीत टाकताना माझे हात कापत होते. लग्नापासून आजीने ज्याला ओरखडा येऊ दिला नाही, त्याला माझ्या देखत घाव बसला आणि मी बघत राहिलो.

नंतर मोबाइलवर एक जाहिरात आली, चारमिनारच्या नाण्याला नऊ लाख. फोन केला. रिझर्व्ह बँकेचं चिन्ह असलेलं पत्र आलं, नोंदणीचे पैसे भरा, मग कराचे भरा. दोनदा भरले. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा बायकोने फोन हातातून काढून घेतला. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आमचा काही संबंध नाही आणि आम्ही असे पैसे मागत नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलेलं होतं, ते मला तुमच्याकडून कळलं. तोवर माझे पगारातले पैसे गेले होते.

त्यानंतर एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनाला गेलो, रात्रीच्या गाडीने, हक्काची रजा टाकून. तिथल्या एका व्यापाऱ्याने चंचीला हातसुद्धा लावला नाही. "हाली? हे किलोने मिळतात. बाजूला व्हा, गिऱ्हाईक उभं आहे." मी गिऱ्हाईक नव्हतोच, हे त्याला माझ्या कपड्यांवरून कळलं असेल. बाजूला झालो आणि स्टँडवर येऊन बसलो.

म्हणून तीन फेऱ्या, काका.

तुम्ही आधी टेबलावर आपला पंचा दुहेरी घडी करून अंथरला. मग म्हणालात, "ओता. हळू." एकेक रुपया कडेने उचलला, छापाला बोट लागू दिलं नाही. भिंग माझ्या हातात दिलंत. मी म्हटलं मला फारसी येत नाही, तर तुम्ही म्हणालात, "आकडे तर येतील. चार खुणा ध्यानात ठेवा." सात म्हणजे वर तोंड उघडलेला, आठ म्हणजे तोच पालथा. पाच आपल्या शून्यासारखा, आणि शून्य नुसतं टिंब. दोन मिनिटांत माझ्या आजीच्या रुपयावरचं साल मी स्वतः वाचलं. १३३७. तुम्ही हिशेब सांगितलात, हिजरी १३३७ म्हणजे इकडचं १९१८-१९. आजीच्या जन्माच्याही आधीचा रुपया! तिच्या बापाने तो कधी, कोणत्या कापसाच्या पट्टीतून बाजूला ठेवला असेल, कोण जाणे.

मग चारमिनारच्या कमानीतलं ते चिमुकलं अक्षर दाखवलंत. मी इतके दिवस त्याला नक्षी समजत होतो. ते 'ऐन', उस्मानमधलं पहिलं अक्षर, म्हणजे सातवे निजाम मीर उस्मान अली खान. त्यांच्या वडलांच्या, महबूब अली खान यांच्या रुपयावर त्याच कमानीत 'मीम' असतो. मग तो ९२ चा आकडा. मला वाटलं होतं तेही साल असेल. तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत, मीमचे ४०, हेचे ८, परत मीमचे ४०, दालचे ४, मुहम्मद या नावाची अक्षरं आकड्यांत. मागच्या बाजूला टांकसाळीचं नाव, 'फर्खुंदा बुनियाद हैदराबाद'. आणि लगेच आपल्या शहराची आठवण काढलीत, की मुघलांच्या काळात इथल्या टांकसाळीतून निघालेल्या नाण्यांवर 'खुजिस्ता बुनियाद' असायचं. एवढी वर्षं या शहरात गाडी आणतो, हे नाव कधी कानावर आलं नव्हतं.

सराफाची गोष्ट मी सांगितली तेव्हा तुम्ही त्याला शिव्या दिल्या नाहीत. म्हणालात, "चांदी हलकी, हे तो खरंच बोलला. हालीत शेकडा ८१.८ चांदी, कलदारात, म्हणजे इंग्रजांच्या रुपयात, ९१.७. म्हणून तर साधारण सात हालीला सहा कलदार असा हिशेब चालायचा. भाव सांगण्यात त्याची चूक नाही. कानस लावायच्या आधी विचारायला पाहिजे होतं." मला ते पटलं. तोवर मी त्याच्यावर सगळ्याच बाजूंनी चिडून होतो.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं, ते.

तो कानस लागलेला रुपया मी मुद्दाम चंचीतच ठेवला होता. दहाच ओतले होते. तुम्ही मोजले आणि म्हणालात, "अकरा म्हणाला होतात." मी खाली मान घालून तो काढून दिला. तुम्ही तो बराच वेळ पाहिलात, काट्यावर ठेवलात, ११.०९ ग्रॅम. मग ड्रॉवरमधून कागदाचं छोटं पाकीट काढलं आणि पेन्सिल. मला म्हणालात, "नेहमी आधी लिहायचं, मग नाणं आत घालायचं. नाणं आत असताना लिहिलं की पेन्सिलीचा दाब त्यावर जातो." आणि लिहायला लागलात. एक रुपया, हाली. हिजरी १३३७. वजन. मग लिहिलंत, "कडेला कानशीचे दोन घाव." मला वाटलं आता किंमत लिहिणार. तुम्ही मान वर केली आणि विचारलंत, "आजींचं नाव काय?"

मी सांगितलं. तुम्ही पुरं नाव लिहिलंत, आजोबांच्या नावासकट, गावासकट. खाली लिहिलंत, "उतरंडीतल्या चंचीतून." परत मान वर केली. "पण रुपये त्यांच्या वडलांचे ना? मग माहेरचं नाव?"

मला माहीत नव्हतं. आजीच्या मांडीवर वाढलो मी. तिचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नाही हेही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

तुम्ही काही बोलला नाहीत. "माहेरचं नाव" असं लिहून पुढे एक सरळ रेघ ओढलीत, ती मोकळी ठेवलीत आणि म्हणालात, "घरात जुनं कुणी असेल त्याला विचारा. माणसं आहेत तोवर विचारून घ्या." पाकिटाबरोबर दहा कोरी पाकिटं दिलीत. पैसे विचारले तर हात जोडलेत.

आजीचं नाव मी आजवर रेशन कार्डावर पाहिलं, मतदार यादीत पाहिलं. सातबाऱ्यावर आधी आजोबा होते, मग बाबा आणि चुलते. तिच्या मालकीच्या वस्तूवर तिचं नाव लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते तुमच्या अक्षरात. शिरोरेघ सरळ, जुन्या मास्तरासारखं वळण. गाडीत परत येताना ते पाकीट किती वेळा काढून वाचलं याची गणती नाही.

माझ्यानंतर तुमच्याकडे तो गोदाकाठचा शेतकरी आला होता, हे आठवतं का? मी अजून पाकिटं आवरत होतो. रुमालात दहा-बारा काळपट नाणी, रानात सपाटीकरण करताना निघालेली. तुम्ही भिंगाखाली एक धरलंत, हत्ती दिसला, शिशाचं, सातवाहनांचं. पलीकडच्या टेबलावरून दोघं त्याला हळूच खुणावत होते. तुम्हालाही ती चारशेत घेता आली असती. तुम्ही त्याला खुर्ची दिलीत आणि समजावून सांगितलंत, की जमिनीत सापडलेला ठेवा कलेक्टरला कळवायचा असतो, १८७८ पासूनचा तसा कायदा आहे, लपवला तर उलट तुम्हीच अडचणीत याल. अर्जही तुम्हीच लिहून दिलात. तो जरा नाराज दिसला. तुम्हाला त्याने काही वाटलं नाही. एका माणसाचा दिवसभराचा धंदा बुडतो आणि तो चहा मागवतो, हे मी बसल्या जागेवरून पाहिलं. गाडीत रोज शेकडो माणसं भेटतात, चांगलीही खूप भेटतात. सुट्टे नसले तर दुसऱ्याचं तिकीट काढणारी, लेकुरवाळीला उठून जागा देणारी. पण कुणी बघत नसताना, आपला फायदा समोर पंचावर पडलेला असताना सरळ राहणारी कमी. अशा माणसांमुळे या छंदात उभं राहावंसं वाटतं. नाहीतर मी त्या मोठ्या शहरातून परतलो तेव्हाच दोन्ही अल्बम माळ्यावर टाकणार होतो.

दुसऱ्याच रविवारी आत्याकडे गेलो. परभणीच्या अलीकडे तिचं गाव आहे. ऐंशीला टेकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. तिच्या तळहातावर तो रुपया ठेवला. तिने अंगठ्याने चाचपला आणि घावावर अंगठा थांबला. "हे काय झालं?" मी सांगितलं. मग तुमचं पाकीट वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. आईचं नाव आलं तशी म्हणाली, "परत वाच." परत वाचलं.

मग माहेरच्या नावाचं विचारलं. लग्नात आजीचं नाव बदललं होतं, हे आत्याने सांगितलं. माहेरचं नाव वेगळंच. आजीचा बाप दिवाळीला मुराळी म्हणून यायचा, तो उंबऱ्याबाहेरूनच त्या नावाने हाक मारायचा. तो गेला आणि त्या नावाने तिला परत कुणी बोलावलं नाही. आत्या ते नाव दोनदा म्हणाली, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, जशी हाक मारतात तसं. ते इथे लिहीत नाही. आत्या म्हणाली, घरातच राहू दे.

तुमच्या रेघेवर लिहिलं आहे. पेन्सिलीने, आणि नाणं आधी बाहेर काढून. बाकीच्या दहा पाकिटांवरही लिहिलं. माझं अक्षर तुमच्याएवढं चांगलं नाही. पुढच्या वेळी प्रदर्शन भरलं की अकराही घेऊन येतो, आत्यालाही आणतो. ती म्हणते, त्या माणसाला भाकरी बांधून न्यायची आहे. डबा आणू नका.

आपला,
एसटीतला वाहक