कुंपण घाला, पण वाट ठेवा

संपादक महोदय,

कुंपणाला माझा विरोध नाही. रानडुकरं एका रात्रीत किती सोयाबीन लोळवतात ते मी पाहिलंय. पण यंदा उन्हाळ्यात शेजाऱ्याने मोजणी न करता थेट धुऱ्यावर सिमेंटचे खांब रोवले, काटेरी तार ओढली आणि आमची वडिलांपासूनची बैलगाडीची वाट बंद झाली. सोयाबीन काढल्यावर थ्रेशर आत न्यायचा कुठून? पोती डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणली. साठीत हे झेपत नाही.

'भाऊबंदकीत कोर्ट कशाला' म्हणून मी दिवाळीपर्यंत गप्प राहिलो. हीच चूक झाली असती. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली चालू वाट अडवली तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात, पण दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. माझे जेमतेम वीस दिवस उरले होते. ज्याला वाटच नाही, त्याच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. त्यात बांधावरून नवा रस्ता मागता येतो. दोन्ही अर्ज वेगळे. हे मला तलाठ्याने नाही, झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने सांगितलं!

ही सहा महिन्यांची मुदत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक लिहावी. आणि तार ओढण्याआधी मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करणं सक्तीचं करावं. मोजणीची फी कोर्टाच्या खेट्यांपेक्षा स्वस्तच पडते.

– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा