लोखंडी खरारा अंगासाठी नव्हे, ब्रशासाठी

महोदय,

घोड्याला खरारा करतानाची, म्हणजे त्याचे अंग घासून साफ करतानाची, छायाचित्रे अधूनमधून छापून येतात. त्यांत बरेचदा लोखंडी खरारा थेट बरगड्यांवर फिरताना दिसतो आणि घोडा कान मागे पाडून उभा असतो. माशी बसली तरी ज्याची कातडी थरथरते, त्याला हे पत्र्याचे दाते कसे लागत असतील?

लोखंडी खराऱ्यावर दातेरी पट्ट्यांच्या रांगा असतात; धरायला मूठ किंवा पंजा अडकवायचा पट्टा. त्याचे खरे काम ब्रश झाडण्याचे. घोड्याच्या डाव्या अंगाला उभे राहिल्यास ब्रश डाव्या हातात, खरारा उजव्या. बाजू बदलली की हातही बदलायचे. मानेपासून सुरुवात करून केसांच्या कलाने, अंगाचा भार टाकत ब्रशाचे चार-पाच हात मारावेत, मग ब्रश दात्यांवरून एकदा ओढावा. अधूनमधून खराऱ्याची कड जमिनीवर आपटली की राखाडी कोंड्याची रेघ पडते. मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याने, हात चालवला की नुसता फिरवला, ते या रेघाच सांगतात.

अंगावर चालवायचा तो रबरी खरारा. मान, खांदे, बरगड्या, पुठ्ठे इथे गोल गोल फिरवून कोंडा आणि झडलेले केस वर आणायचे. तोंड, पाठीचा कणा, गुडघ्याखालचे पाय अशा हाडकुळ्या जागी तोही नको. घामाने भिजलेल्या अंगावर तर मुळीच नाही. ओली धूळ केसांच्या मुळाशी लिंपली जाते. चिखलही आधी वाळू द्यावा.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो खोगिराच्या आणि तंगाच्या (खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याच्या) जागेला, आणि नेमकी तीच घाईत सुटते. वाळलेल्या घामाचे मीठ नि रेतीचे कण तिथे राहिले तर तंग आवळल्यावर कातडी सोलवटते, आणि जखम भरेपर्यंत घोड्यावर खोगीर ठेवता येत नाही. ब्रश झाल्यावर बोटांची टोके केसांच्या उलट दिशेने फिरवावीत. खरखर लागली तर काम अपुरे आहे.

एकच खरारा साऱ्या पागेत फिरवणे हाही घातक आळस. गजकर्णाची बुरशी अशीच एका घोड्यावरून दुसऱ्यावर जाते. प्रत्येकाचा खरारा आणि ब्रश वेगळा हवा, साबणाने धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेला. लोखंडी खराऱ्याचा दाता वाकला तर तो ब्रशाचे केस तोडतो. पकडीने सरळ करावा, नाहीतर खरारा बदलावा.

आपला,
एक वाचक