बॉलरूममधले कारकून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सार्वजनिक शिल्पांवरचा लेख वाचला. चौकाचौकांत उभ्या राहिलेल्या बेढब पुतळ्यांची लेखकाने घेतलेली फिरकी मनापासून आवडली. पण दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या बँकांनी आपलं काम गावाकडे हलवलं, त्याची आठवण शिल्पातून जपायची कल्पनाही त्यांनी त्याच माळेत ओवली. ‘बाडबिस्तरा हलवल्याचंही स्मारक?’ असं विचारलं आणि पुढच्या पुतळ्याकडे वळले. मी तेहेतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली अकरा क्लिअरिंगमध्ये, म्हणजे बँकाबँकांमधले चेक एकमेकांत मिटवायच्या कामात गेली. त्यामुळे राहवलं नाही.

लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवर बँकांचं क्लिअरिंग हाउस होतं. त्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. अठराव्या शतकात प्रत्येक बँकेचा कारकून चेकांची पिशवी घेऊन दुसऱ्या बँकांच्या पायऱ्या झिजवायचा. पायपीट करून कंटाळलेले हे कारकून एका खानावळीत जमायला लागले आणि तिथेच टेबलावर चेकांची अदलाबदल करायला लागले. साहेबलोकांनी ही पद्धत नंतर मान्य केली. १८३२ मध्ये चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने या कामाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. दिवसाला सरासरी २५ लाख पौंडांचे व्यवहार व्हायचे आणि ते मिटवायला नोटा लागायच्या जेमतेम दोन लाख पौंडांच्या. बाकी सगळी वजाबाकी. तुमचे माझ्याकडे इतके, माझे तुमच्याकडे तितके, उरला तो फरक द्या. आमच्या काळापर्यंत यात तत्त्व म्हणून काहीच बदललं नव्हतं.

१९३९ मध्ये युद्धाला तोंड फुटलं तेव्हा हे क्लिअरिंग लंडनमधून उचलून स्टोक-ऑन-ट्रेंटजवळच्या ट्रेंटम इथे नेलं. स्टोक म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचा मुलूख. ट्रेंटमला सदरलंडच्या ड्यूकांचा वाडा होता. ट्रेंट नदीच्या घाण पाण्याला कंटाळून त्यांनी तिथला मुक्काम हलवला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाडा पाडला. बाग राहिली, लोकांसाठी खुली झाली आणि तिथे नाचाचा मोठा हॉल बांधला गेला. त्या बॉलरूममध्ये टेबलं मांडून देशभरातल्या चेकांचा हिशोब सुरू झाला.

आता ‘बाडबिस्तरा’ या शब्दाबद्दल. क्लिअरिंगमध्ये दिवसअखेर बेरीज जुळली नाही तर कोणी घरी जात नाही. एका संध्याकाळी आमच्या शाखेत सत्तावीस रुपयांचा फरक लागला. रक्कम खिशातून भरता येईल इतकी, पण तसं करायची सोय नसते. साडेसात वाजले, डोंबिवलीच्या चार गाड्या गेल्या. आमच्या मोठ्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, “नऊने भाग जातोय का बघितलंत?” जात होता. म्हणजे कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, कारण शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. सगळ्या स्लिपा पुन्हा काढल्या आणि एकीवर छत्तीसचे त्रेसष्ट झालेले सापडले. क्लिअरिंगमध्ये काम केलेल्या माणसाला ही नऊची खूण झोपेतही आठवते.

हे झालं फोर्टातल्या पंख्याखाली, चहा हाताशी असताना. तेच काम ट्रेंटमच्या कारकुनांना करायचं होतं पौंड, शिलिंग आणि पेन्समध्ये. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. रकाने बदलले की आमची नऊची खूणही तिथे हात टेकणार. खिडक्यांना ब्लॅकआउटचे पडदे, घरचे लोक दूर लंडनमध्ये, आणि तिथे काय चाललं होतं ते जगजाहीर आहे. जानेवारी १९४१ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या दारासमोरच्या भुयारी स्टेशनावर बॉम्ब पडला, चौकाचा रस्ता आत कोसळला आणि कितीतरी माणसं दगावली. अशी बातमी वाचूनही दुसऱ्या दिवशी गठ्ठे सोडून याद्या जुळवायच्या. चेक वटला नाही तर कारखान्याचे पगार अडतात, वाण्याची उधारी अडते. बॉम्ब न टाकताही शहर बंद पाडायची ही एक रीत आहे, आणि ती त्या कारकुनांनी चालू दिली नाही.

जाता जाता एक. ट्रेंटमच्या टेकडीवर सदरलंडच्या पहिल्या ड्यूकचा पुतळा दिमाखात उभा आहे. मेंढ्यांना चरायला कुरणं हवीत म्हणून या घराण्याने स्कॉटलंडमधल्या हजारो कुळांना त्यांच्या जमिनींवरून उठवलं. इतिहासात त्याला ‘हायलंड क्लिअरन्सेस’ म्हणतात. त्या क्लिअरिंगवाल्याला टेकडी मिळाली, तर खाली बॉलरूममध्ये बसलेल्यांनी काय घोडं मारलंय?

नॉर्वेची हकीकतही लेखकांनी वाचावी. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य ऑस्लोत शिरत होतं, तेव्हा तिथल्या राष्ट्रीय बँकेचं सुमारे ५० टन सोनं ट्रकांत भरून बाहेर काढलं. पुढे रेल्वे, मासेमारीच्या होड्या आणि ब्रिटिश युद्धनौका, असं करत ते देशाबाहेर पोचलं. एवढ्या धावपळीत हिशोबात कमी भरली फक्त २९७ सोन्याची नाणी. (नऊने भाग जातो, पण तो योगायोग समजावा.)

असं शिल्प कुणी घडवणार असेल तर त्यात तिजोरी नको, सिंहही नको. वाकलेली मान, कानावर पेन्सिल, टेबलावरून खाली लोंबणारी बेरजेची कागदी पट्टी आणि शेजारी न सोडलेला गठ्ठा एवढं पुरे. हल्ली चेकचा फोटो पुढे जातो, कागद शाखेतच राहतो. हे काम हाताने कसं चालायचं ते नव्या पोरांना दाखवायला तेवढा तरी पुरावा असू द्या.

शेवटी एक दुरुस्ती. लेखात ट्रेंटमला ‘सोनं लपवलं’ असं छापलं आहे. तीन वेगळ्या गोष्टींची तिथे खिचडी झाली आहे. ब्रिटनचं सोनं १९४० मध्ये जहाजांनी कॅनडाला गेलं आणि त्याबरोबरचे रोखे माँट्रियलच्या सन लाइफ इमारतीच्या तळघरात ठेवले. बँक ऑफ इंग्लंडचे बरेच कर्मचारी हॅम्पशायरमधल्या व्हिटचर्चजवळ हर्स्टबोर्न पार्कला गेले. ट्रेंटमला गेले ते चेक. पुढच्या अंकात एवढं छापावं ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)